चिठ्ठी उघडण्याआधी

दिवाळी अंकासाठी आवाजाबद्दल काहीतरी सोपं लिहा, असं संपादकांनी फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या टेबलावर एक घडी घातलेली चिठ्ठी पडून होती. अजूनही ती तिथेच आहे.

जूनमध्ये एक जोडपं माझ्याकडे आलं. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा भांडून मित्राच्या खोलीवर राहायला गेला होता. त्याआधी वर्षभर तो दार लावून एका परदेशी बँडची इंग्रजी गाणी ऐकत असे. कुणा नातेवाइकाने त्यातलं एक गाणं मोबाइलवर उलटं लावून दाखवलं आणि सांगितलं, यात पोरांना घर सोडायला सांगितलंय. वडील ते शब्द लिहूनच घेऊन आले होते. ‘‘मॅडम, तीस वर्षं तुम्ही ध्वनिशास्त्र शिकवताय, तुम्हीच सांगा.’’

मी म्हटलं, चिठ्ठी आत्ता उघडू नका. हेडफोन लावून तो तुकडा पाच वेळा ऐकला. एकही शब्द सापडला नाही. मग चिठ्ठी उघडली. ‘घर सोड, ये.’ सहाव्यांदा तुकडा लावला आणि मला ते शब्द स्वच्छ ऐकू आले. तेही मराठीत.

‘‘आलं ना ऐकू?’’ वडिलांनी विचारलं. मी ‘हो’ म्हणाले. खरं तेच सांगायचं होतं. त्यानंतर अर्धा तास जे समजावलं, ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. ते ‘हो’ तेवढं घेऊन गेले.

त्या दिवशी जे नीट सांगता आलं नाही, ते इथे सांगते. ‘नवजीवन’ हा शब्द घ्या. अक्षरं उलटी वाचली तरी नवजीवनच. पण हाच शब्द रेकॉर्ड करून उलटा वाजवला, तर साधारण ‘नवीझ्द्वन’ असं काहीतरी ऐकू येतं. कारण आपण अक्षरं बोलत नाही, ध्वनी बोलतो. ‘नव’मधल्या ‘व’पुढचा ‘अ’ आपण उच्चारतच नाही. आणि ‘ज’ म्हणताना जीभ आधी टाळूला टेकून हवा अडवते, मग ती घासत बाहेर सोडते. उलटं वाजवलं की घर्षण आधी येतं आणि अडवणूक नंतर. तबल्याचा ठोका उलटा ऐकला तरी हे कळेल: सुलट्यात थाप पडते आणि नाद विरतो, उलट्यात नाद फुगत येतो आणि एकदम तुटतो. तेव्हा सुलटं गाताना उलटा अर्थही साधायचा, तर एकाच ध्वनिमालेतून दोन्ही दिशांनी शब्द निघायला हवेत. तसं एखाददुसरा शब्द जुळवताही येईल, पण अख्खं गाणं तसं रचणं अशक्यच म्हणा.

उलटा आवाज मुद्दाम घातलेली गाणी आहेत, हेही खरं. बीटल्सच्या १९६६ सालच्या ‘रेन’च्या शेवटी उलटं गायन आहे. पिंक फ्लॉइडने १९७९ साली ‘एम्प्टी स्पेसेस’मध्ये बोललेला मजकूर उलटा करून घातला. पण तो मजकूर सुलटा केल्याशिवाय कुणालाच कळत नाही. लोकांना भीती वाटते ती वेगळीच: कानाला न कळता मनाला कळेल, ही. कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठातले जॉन व्होकी आणि डॉन रीड यांनी नेमकं हेच तपासलं. त्यांचं संशोधन १९८५ साली प्रसिद्ध झालं. उलटं बोलणं ऐकून बोलणारा पुरुष की स्त्री, हे श्रोते ओळखत. भाषा कोणती, याचाही अंदाज येई. पण वाक्य प्रश्नार्थक आहे का, मजकूर बालगीताचा की जाहिरातीचा, हे विचारलं की उत्तरं निव्वळ अंदाजाइतकीच बरोबर येत. मात्र अमुक शब्द आहेत असं आधी सांगितलं, की बहुतेकांना ते ऐकू येत.

इथे मला रीनोचा खटला सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तो नेहमी चुकीचा सांगितला जातो. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात डिसेंबर १९८५मध्ये दोन तरुणांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. एक तिथेच गेला, दुसरा तीन वर्षांनी. कुटुंबांनी ‘जुडास प्रीस्ट’ या ब्रिटिश बँडवर दावा लावला. त्याच राज्यातल्या रीनो शहरात १९९०मध्ये झालेल्या सुनावणीत उलट्या संदेशांचीही चर्चा झाली, पण मुख्य आरोप होता सुलट्याच गाण्यात लपलेल्या ‘डू इट’ या दोन शब्दांचा. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि आजही ते एकत्र कालवले जातात. न्यायाधीश जेरी व्हाइटहेड यांचा निकाल मी विद्यार्थ्यांना दरवर्षी समजावते. तिथे काहीच ऐकू येत नाही, असं ते म्हणाले नाहीत. जागा दाखवली, आवाज वेगळा काढून मोठा केला, की ते शब्द जाणवतात, हे त्यांनी मान्य केलं. पण ते गायकाचा निःश्वास आणि गिटारचा सूर योगायोगाने एकत्र आल्यामुळे. कुणी मुद्दाम घातलेले नाहीत, आणि मृत्यूचं कारण तेच, हेही सिद्ध झालेलं नाही, असं त्यांनी ठरवलं. ‘ऐकू येतं’ आणि ‘घातलेलं आहे’ ही दोन स्वतंत्र विधानं आहेत. माझं आयुष्य हा एक फरक समजावण्यात गेलं आहे.

रीनोत इंग्रजी ऐकू आलं, माझ्या खोलीत मराठी. अस्पष्ट आवाजात मेंदू आपल्याच भाषेतले शब्द शोधतो, आणि शब्द आयते हातात मिळाले की तेच बसवतो. हा कानाचा दोष नाही. याच बळावर आपण लोकलच्या गर्दीत, खरखरणाऱ्या फोनवर माणसाचं बोलणं समजून घेतो. पण त्यामुळेच मला गाण्यांपेक्षा जास्त काळजी वाटते ती धूसर ध्वनिफितींची. खाली शब्द छापलेली क्लिप घरोघरी फिरते आणि ‘आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलं’ असं लोक शपथेवर सांगतात. ते खोटं बोलत नसतात. त्यांना आधी चिठ्ठी दिलेली असते. एखाद्याची नोकरी, अब्रू, कधी सुटकाही त्या चिठ्ठीवर ठरू शकते.

त्या आईने निघताना विचारलं होतं, ‘‘मग तो का गेला?’’ याचं उत्तर माझ्या शास्त्रात नाही. मी तिला आवाजाबद्दल सांगत राहिले, हे मला अजून बोचतं. ते उत्तर फक्त मुलाकडे आहे, आणि ते त्यालाच विचारावं लागेल.

वाचकांना एवढीच विनंती. पुढची क्लिप आली की आधी पडद्यावरचे शब्द हाताने झाका. दोनदा ऐका. ऐकू आलं ते कागदावर लिहा. काहीच कळलं नाही, तर ‘कळलं नाही’ असं लिहा. घरातल्या दुसऱ्या माणसाला न सांगता ऐकवा आणि त्यालाही लिहू द्या. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. ते जुळले नाहीत, तर ती क्लिप पुढे पाठवू नका.