मागच्या आसनावरून

आमच्याकडे १९८७ सालची एक बुलेट आहे. वडिलांनी ती नवी घेतली, तीस वर्षे स्वतः चालवली, आणि चार वर्षांपूर्वी ते गेल्यावर ती आमच्या वाट्याला आली. वारशाने आलेल्या वस्तूंच्या बाबतीत माणूस एकाएकी कडवा सनातनी होतो, तसे आमचे झाले. वर्गात परंपरेची चिकित्सा शिकवणारे आम्ही, पण या यंत्राचा एक स्क्रूही मूळचा सोडून दुसरा लावायचा नाही, असे ठरवून बसलो. मधल्या काळात कोणाच्या तरी आग्रहाने लावलेले दिवे आणि आरसे काढून टाकले, मूळ घडणीचे हँडल शोधून आणले, टाकीवरची सोनेरी रेघ एका जाणत्या रंगाऱ्याकडून हाताने ओढून घेतली. या उद्योगाला मनातल्या मनात आम्ही पाठचिकित्सा म्हणत असू. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ काढून शुद्ध प्रत सिद्ध केली. आम्ही आपल्या मगदुराप्रमाणे एका मोटारसायकलीचे अपपाठ काढत होतो.

या समाधानाला पहिला तडा गेला तो मेढ्याच्या रस्त्यावर. मेढा हे आईचे माहेर. साताऱ्याहून अंतर सुमारे २५ किलोमीटर. याच रस्त्याने, याच मोटारसायकलीवर, वडिलांच्या मागे एका अंगाला बसून ती कितीतरी वेळा माहेरी गेली होती. गाडी पूर्ववत झाली आहे, तेव्हा आईला तिच्यावरून एकदा मेढ्याला न्यावे, तिला बरे वाटेल, अशी आमची कल्पना. निम्म्या वाटेत तिने आमच्या खांद्यावर थाप मारून गाडी थांबवायला लावली, साडी सावरत उतरली, कमरेवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "तू हो पुढे. मी एसटीनं येते."

पाठ दुखते आहे का, असे आम्ही विचारले. "आजच काय, नेहमीच दुखायची," ती म्हणाली. "तेव्हा वय होतं, निभावून जायचं."

तिला एसटीत बसवून दिले आणि उरलेला रस्ता आम्ही एकटेच गेलो. गाडी आम्हांला नेहमीप्रमाणेच वाटत होती. थोडी डुलत होती, पण जुनी बुलेट डुलायचीच, असे आम्ही गृहीत धरले होते. मग आईला जे जाणवत होते ते आम्हांला का जाणवू नये?

याचे उत्तर भूमितीत आहे आणि ते फार साधे आहे. चालकाचे आसन दोन चाकांच्या साधारण मध्यावर असते. मागचे चाक खड्ड्यातून वर उसळले, तर चालकाच्या वाट्याला त्या उसळीचा निम्म्याच्या आसपासचा भाग येतो. मागे बसणारा मात्र जवळजवळ मागच्या आसावरच बसलेला असतो; त्याला ती उसळी बहुतांशी सबंध सोसावी लागते. शिवाय चालकाला खड्डा आधी दिसतो. पायांवर जोर देऊन तो बैठकीवरून किंचित उठू शकतो. एका अंगाला बसलेल्या बाईला पाय टेकायला एक अरुंद पट्टी आणि नजरेसमोर पुढच्याची पाठ, एवढाच आधार. गाडी उत्तम चालते, हा निर्वाळा आमच्या घरात इतकी वर्षे ज्याने दिला तो पुढच्या आसनावर बसत होता.

घरी आल्यावर आम्ही प्रथमच मागच्या दोन शॉकअपांकडे नीट पाहिले. शॉकअपमध्ये दोन वेगळी कामे करणाऱ्या दोन वस्तू असतात, हे आम्हांला या वयात कळले. स्प्रिंग धक्का झेलते, पण तो नाहीसा करत नाही. दाबताना साठवलेली शक्ती पुढच्याच क्षणी परत करते. तिला आवरण्यासाठी आत तेलाने भरलेली नळी असते. त्या तेलातून बारीक छिद्रांचा दट्ट्या वरखाली होतो, छिद्रांतून तेल रेटले जाताना अडते, आणि धक्क्याच्या शक्तीची उष्णता होऊन ती हवेत जाते. खराब रस्त्यावरून आल्यानंतर चांगल्या शॉकअपला हात लावला तर तो कोमट लागतो. आमच्या शॉकअपांचे सील वयोमानाने गेले होते, दांडीवर गंज चढला होता, आणि बरेचसे तेल केव्हाच गळून गेले होते. मागचे मडगार्ड जोराने दाबून सोडले, तर गाडीचे बूड एकदा वर येऊन स्थिरावायला हवे. आमचे तीनदा हेलकावले. म्हणजे रस्त्यातला एक खड्डा आईच्या पाठीला तीनदा लागत होता.

मग पट्टी घेऊन मोजमाप केले. गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचे चाक अधांतरी असताना आसापासून मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंतचे अंतर घेतले. नंतर आम्ही दोघे गाडीवर बसलो आणि तेच अंतर शेजारच्या मुलाकडून पुन्हा मोजून घेतले. चाकाला वरखाली व्हायला एकूण सुमारे ८० मिलिमीटर जागा. त्यांपैकी ४७ मिलिमीटर आमच्या नुसत्या बसण्यानेच संपत होती. खड्ड्यांसाठी ३३ उरत. या जागेचा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा बसण्यात जावा, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. आमच्याकडे निम्म्याहून अधिक जात होता.

आता प्रश्न होता तो अस्सलपणाचा. मूळच्या घडणीचे शॉकअप मिळत होते, पत्र्याच्या नळकांड्यांत स्प्रिंग झाकलेले, दिसायला थेट १९८७ चे. दुसरा पर्याय नव्या घडणीचा: स्प्रिंग उघडी, आणि पाठीशी दाबाखाली नायट्रोजन भरलेली छोटी कुपी. जोरजोराने घुसळल्या जाणाऱ्या तेलात बुडबुडे झाले की त्याचा अडसर ढिला पडतो. वायूच्या दाबामुळे ते बुडबुडे धरत नाहीत. गुण निर्विवाद होता. रूप मात्र आमच्या शुद्ध प्रतीत सरळसरळ प्रक्षेप ठरणारे होते.

आठवडाभर आम्ही निर्णय घेतला नाही. त्या आठवड्यात बुलेटचा इतिहास चाळताना जे हाती लागले त्याने आमचीच फजिती केली. १९४८ मध्ये इंग्लंडमधल्या एका खडतर चाचणी-स्पर्धेत बुलेटचे नमुने प्रथम उतरले तेव्हा त्यांचे वेगळेपण होते ते मागच्या बाजूलाच. त्या काळच्या पुष्कळ मोटारसायकलींना मागे स्प्रिंग नसेच; चाक सांगाड्यात घट्ट बसवलेले आणि स्प्रिंगा काय त्या खोगिराखाली. अशा खडकाळ स्पर्धांसाठी ताठ सांगाडाच बरा, असे जाणकार मानत. बुलेटने मागे हलता चिमटा आणि तेलाचे शॉकअप आणले, आणि १९४९ पासून ती त्याच रचनेत विकली जाऊ लागली. १९५५ मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया स्थापन झाली आणि तीच रचना आपल्याकडे रुजली. म्हणजे ज्या भागाला हात लावायला आम्ही कचरत होतो, तो भागच मुळात जुन्या मताविरुद्ध केलेली दुरुस्ती होता. आणि एकनाथांचे नाव आम्ही ज्या अर्थाने घेत होतो तोही अपुराच होता. शुद्ध प्रत सिद्ध झाली ती वाचली जावी म्हणून. ज्या प्रतीचा वाचकच निम्म्या वाटेत उतरून जातो, तिच्या शुद्धतेचे काय करायचे?

नवे शॉकअप आणले, मात्र लांबी मूळचीच ठेवली. लांब शॉकअपांनी गाडी रुबाबदार दिसते, पण बूड उचलले जाऊन पुढचा काटा अधिक उभा होतो, हँडल चंचल बनते, चेनचा ताणही बदलतो. जुने उतरवल्यावर चिमटा हाताने आडवा हलवून पाहिला, तर त्यातही खेळ निघाला. तेव्हा आधी त्याचे बुश बदलले. झिजलेल्या बुशांवर नवे शॉकअप बसवणे म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देणे. नव्या शॉकअपांना खालच्या अंगाला पाच खाचांचे कडे आहे. ते फिरवले की स्प्रिंग कडक होते, असा सार्वत्रिक समज आहे आणि आमचाही होता. प्रत्यक्षात स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो; ओझ्याखाली गाडी किती उंचीवर बसावी, एवढेच त्याने ठरते. तिसऱ्या खाचेवर, दोघांच्या ओझ्याने, मोजमाप २७ मिलिमीटर आले.

माघ महिन्यात पुन्हा मेढ्याला निघालो. आई तयार नव्हती. दुखले तर लगेच उतरायचे, या बोलीवर आली. पहिल्या दहा किलोमीटरांत तिची पकड आमच्या खांद्यावर मधूनमधून घट्ट होई आणि सैल पडे. ज्या ठिकाणी ती मागच्या खेपेस उतरली होती तिथे आम्ही आपणहून थांबलो आणि विचारले.

"दुखत नाही," ती म्हणाली. "पण सवय जात नाही रे. खड्डा यायच्या आधी ह्यांचा खांदा आखडायचा. तो आखडला की मी दात दाबून, दांडी धरून थोडी उचलून बसायची. आताही मी धरून बसते, आणि काही होतच नाही."

तीस वर्षे ती वडिलांच्या खांद्यावरून रस्ता वाचत होती. वडिलांना हे माहीत होते का, असे आम्ही विचारले. तिने क्षणभर विचार केला. "सांगितलं असतं तर त्यांनी गाडी विकली असती," ती म्हणाली, आणि पदर खोचून पुन्हा मागे बसली.

मेढ्यात मामांनी गाडीला एक फेरी मारली, मागच्या चकचकीत कुप्यांकडे बोट दाखवून, दाजींची गाडी तू बिघडवलीस की रे, असे म्हणाले. आम्ही काही बोलण्यापूर्वी आईनेच त्यांना मागे बसून एक चक्कर मारून यायला सांगितले. जुने शॉकअप तेलाच्या फडक्यात गुंडाळून, साल घालून, आम्ही माळ्यावर ठेवले आहेत. कोणाला मूळ प्रत पाहायची असेल, तर ती तिथे आहे.