दर दोन तासांची सही

आयसीयूत नर्स असताना दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलल्याची नोंद मी कधी चुकवली नाही. कूस मात्र अनेकदा चुकवली. रात्रपाळीला माणसं थोडी, त्यात खंबाटकी घाटातला अपघात आला की बाकीचे पेशंट तसेच राहायचे आणि पहाटे तक्त्याच्या रकान्यांत एकदम सह्या व्हायच्या. असं करणारी मी एकटी नव्हते, पण त्यानं काही फरक पडत नाही.

खंडाळ्याकडचाच (साताऱ्याचं खंडाळा, लोणावळ्याजवळचं नव्हे) एक तरुण शेतकरी घाटात दुचाकीवरून पडला होता. कण्याला मार, कमरेखाली संवेदना नाही. आपण झोपेतही कूस बदलतो, कारण दाबलेला भाग दुखू लागतो. त्याला ते दुखणंच कळत नव्हतं. तो कण्हला नाही आणि त्याच्या न कण्हण्यालाच मी बरं चाललंय असं समजले. नजर मॉनिटरवर. नाडी, ऑक्सिजन, बीपी सगळं ठीक. पाठीला मॉनिटर नसतो.

शिकताना धोक्याची पहिली खूण म्हणून लाली पाठ केली होती. सावळ्या कातडीवर लाली शोधत बसले, तर काय दिसणार? तिथं रंग जरासा गडद, जांभळट होतो. हात फिरवला तर तो भाग शेजारच्यापेक्षा गरम किंवा गार, टणक किंवा लिबलिबीत लागतो. मी टॉर्च मारला, हात लावला नाही, आणि ‘स्किन इन्टॅक्ट’ लिहिलं. माकडहाडावरची कातडी फुटली तेव्हा वरचं तोंड लहान होतं, आतलं नुकसान हाडापर्यंत पोचलेलं. हाडालगतचं मांस आधी मरतं, कातडी मागाहून.

त्याआधी काळपट डाग दिसला होता, तेव्हा मी आणखी वाईट केलं. स्पिरिट आणि पावडर लावून तो जोर लावून चोळला. ट्रेनिंगमध्ये ‘बॅक केअर’ अशीच शिकवलेली. दाबानं दुखावलेल्या बारीक रक्तवाहिन्या चोळून अजून फाटतात, म्हणून तिथं मालिश करायचं नाही. मग मेडिकलमधून हवेची रिंग आणायलाही मीच सांगितलं. रिंगच्या कडेनं दाब पडतो आणि मधल्या भागाचं रक्त उलट कमी होतं.

1944 साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेविलच्या रुग्णालयात डॉ. लुडविग गटमन यांनी कणा मोडलेल्या सैनिकांना दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, वळवायची शिस्त लावली. त्याआधी असे बरेच जण बेडसोर आणि लघवीच्या जंतुसंसर्गानं जात. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. आणि याच पेशंटला स्ट्रेचरवर घेताना लघवीची भरलेली पिशवी त्याच्या पोटावर ठेवली होती, म्हणजे पिशवीतलं उलटं मूत्राशयात जायला वाट मोकळी.

त्याची बायको एकदा खोबरेल तेल घेऊन त्याची सुजलेली पोटरी चोळत बसली होती. मी कौतुक केलं. एकाच पायाला सूज आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी तिचा हात थांबवला. डॉपलरमध्ये शिरेत गुठळी निघाली. चोळताना ती सुटून फुप्फुसात गेली असती, तर माणूस तिथंच जाऊही शकला असता.

पाठीची जखम अपघातातलीच, असं त्या घरानं धरलं होतं. डिस्चार्जच्या दिवशी बायको म्हणाली, “ताई, तुम्ही लई केलंत.” मी तिला खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर निजून राहिल्यानंच कातडी फुटते हे तिला कळलं असतं. घरी गेल्यावर त्याची टाचही फुटली.

आता आजूबाजूच्या गावांत घरी निजून असलेल्यांना बघायला जाते. पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवायला लावते, चादर धरून ओढू नका, उचला म्हणते. दर दोन तासांनी कूस बदला म्हटलं की “रात्री तरी झोपू द्या की त्यांना,” असं घरची म्हातारी माणसं म्हणतात, आणि त्यांचंही चूक नाही. चांगल्या फोमच्या गादीवर काहींना तीन-चार तासही चालतात, पण ते सकाळी पाठीवर हात फिरवून ठरवायचं. पंपाची हवेची गादी घेतली असेल, तर वीज गेल्यावर ती बसते आणि पेशंट फळीवर येतो. अशा वेळी कुणाला तरी उठावंच लागतं.