डावं पान, उजवं पान

एडिंबरामध्ये भूशास्त्र शिकायला गेलं की पहिल्या फील्डसाठी बससुद्धा लागत नाही. शहराच्या मधोमधच ज्वालामुखी आहे. आर्थर्स सीट त्याचं नाव, उंची 251 मीटर, वय सुमारे 34 कोटी वर्षं. अर्थात केव्हाच विझलेला. लोक संध्याकाळी तिथे कुत्री फिरवायला येतात. मी सप्टेंबर 2014 मध्ये एम.एस्सी.साठी तिथे पोचले, तेव्हा स्कॉटलंडने स्वतंत्र व्हावं का यावरचं सार्वमत तोंडावर आलं होतं. खिडक्याखिडक्यांत ‘येस’ आणि ‘नो थँक्स’चे कागद चिकटवलेले, आणि त्यांच्याखालून आमचा घोळका पेन्सिली घेऊन डोंगराकडे निघालेला.

पुण्यात बी.एस्सी.ला असताना फील्ड म्हणजे भाड्याची बस, दिवेघाट किंवा सिंहगडाचा रस्ता, सर पुढे उभं राहून सांगणार आणि आम्ही भराभर लिहून घेणार. मग ग्रुप फोटो, मग पिठलं-भाकरी. सर सांगायचे फार छान, त्याबद्दल तक्रार नाही. इथल्या बाई मात्र काही सांगतच नव्हत्या. पावसात न भिजणाऱ्या कागदाची एकेक वही त्यांनी आम्हाला दिली आणि एकच नियम घातला: डाव्या पानावर जे दिसतं ते, उजव्या पानावर त्याचा अर्थ. डावं पान भरल्याशिवाय उजवीकडे जायचं नाही. दगडाचं नाव हाही अर्थच, तेव्हा तेसुद्धा उजवीकडे. मला हे जरा बालवाडीसारखं वाटलं. चिलीहून आलेल्या माझ्या वर्गमित्राला तर रागच आला; तो चार वर्षं तांब्याच्या खाणीत नोकरी करून आला होता.

आर्थर्स सीटच्या पश्चिमेला सॅलिसबरी क्रॅग्ज नावाचा लांबलचक काळा कडा आहे. त्याच्या पायथ्याशी कमरेएवढ्या उंचीवर एक जागा आहे, तिथे बाईंनी आम्हाला बसवलं आणि त्या डबा उघडून सँडविच खाऊ लागल्या. आम्ही चित्र काढायला घेतलं. खाली तांबूस वालुकाश्माचे पातळ थर, वर काळा दगड. थर मुकाट आडवे येतात, आणि एका ठिकाणी त्यांचा एक तुकडा उचकटून वर वळलेला दिसतो. काळा दगड त्याच्या खाली घुसलेला. जिथे दोन्ही टेकतात तिथे काळ्या दगडाचे कण इतके बारीक की भिंगातूनही सुटे दिसत नाहीत. वर कड्यात जसजसं जावं तसे ते मोठे होत जातात. एवढं डावीकडे उतरवल्यावर उजवीकडे लिहायला फार डोकं लागत नाही: हा दगड वितळलेल्या रूपात आत शिरला, त्याने थर उचलले आणि गार थरांना टेकलेली त्याची कड झटकन थिजली.

अठराव्या शतकात हेच भांडणाचं मूळ होतं. असे खडक समुद्राच्या पाण्यातून साका बसून तयार झाले, असं जर्मनीतला वेर्नर आणि त्याचे शिष्य शिकवत होते. एडिंबरातल्या जेम्स हटनचं म्हणणं, ते पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने वितळून वर आले. हा कडा त्याच्या घराच्या टप्प्यातला. त्या जागेला आज ‘हटन्स सेक्शन’ म्हणतात. पुढे हाच कडा फोडून त्याचा दगड लंडनच्या रस्त्यांवर घालायला पाठवत होते. ते प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि 1831 मध्ये खाणकाम थांबलं. पायथ्याची वाट 1820 च्या सुमाराला बेकार विणकरांना कामाला लावून बांधून घेतलेली, म्हणजे आपल्याकडच्या दुष्काळी कामांचीच जातकुळी. 2018 मध्ये दरड कोसळल्यावर ती बंद केली. आम्ही सुदैवी.

ऑक्टोबरात सिकार पॉइंटला गेलो. भूशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात ज्याचा फोटो असतो ते हे ठिकाण, पण बस थांबते भाज्या पॅक करणाऱ्या एका कारखान्याजवळ. तिथून शेतांच्या कडेने चालत जायचं, एका पडक्या चर्चवरून पुढे, आणि मग समुद्राकडे उतरणारा ओल्या गवताचा तीव्र उतार. बहुतेकांनी तो बसूनच पार केला. खाली करड्या खडकाचे थर पुस्तकांसारखे उभे, आणि त्यांच्या डोक्यावर तांबड्या वालुकाश्माचे थर जरासे कललेले. करडे सुमारे 43 कोटी वर्षांपूर्वीचे, तांबडे 37 कोटींच्या आसपासचे. तांबड्याच्या अगदी तळाशी करड्याचे अणकुचीदार तुकडे अडकलेले आहेत. हे तुकडे डाव्या पानावर आले की गोष्टीचा क्रम आपोआप लागतो. करडा गाळ समुद्रतळाशी साचला, त्याचा दगड झाला, तो उभा झाला, वर येऊन झिजला, त्याचे तुकडे पडले आणि मग त्यांवर तांबडी वाळू साचली. 1788 मध्ये हटन इथे होडीतून आला, सोबत जॉन प्लेफेअर आणि सर जेम्स हॉल. पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं मानणाऱ्या काळात त्यांनी या जोडाला हात लावला असेल. हात मीही लावला. दोन्ही खडकांच्या मध्ये सहा कोटी वर्षं गायब आहेत आणि जोड जेमतेम बोटभर. हातोडी चालवायला इथे सक्त मनाई. बाईंनी ती बसमध्येच काढून घेतली होती.

खरी मोठी फील्ड ईस्टरच्या सुट्टीत, स्काय बेटावर. वाटेत ग्लेन्को लागलं. 1692 मध्ये पाहुणे म्हणून राहिलेल्या सैनिकांनी यजमानांचीच कत्तल केली, ती ही दरी. पर्यटकांच्या गर्दीत आम्हीही फोटो काढले. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पाऊसच इतका होता.

स्काय उघडलं आणि मी गप्प झाले. मॅकलॉड्स टेबल्स नावाचे दोन सपाट माथ्यांचे डोंगर आहेत. लांबून पाहिलं तर कुणीतरी लोहगड-विसापूर उचलून समुद्राकाठी मांडून ठेवलेत असंच वाटतं. पायऱ्यापायऱ्यांचे उतार, लाव्ह्याच्या दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीची रेघ, दगडातल्या पोकळ्यांत पांढरे झिओलाइट. स्कायचा लाव्हा सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वीचा, आपला दख्खनचा 6.6 कोटींचा. वाघोलीच्या खाणीतले झिओलाइट गोळा करण्यात माझी कॉलेजची वर्षं गेलेली. बाईंनी पहिल्या कड्याशी थांबवलं तेव्हा मी अर्ध्या मिनिटात उजवं पान भरून टाकलं. त्यांनी वही पाहिली, डाव्या कोऱ्या पानावर बोट ठेवलं आणि पुढे निघून गेल्या. चिलीवाला खूश झाला.

मग काढत बसले. कुठल्या पोकळ्या गोल, कुठल्या लांबट, त्या थराच्या माथ्याशी जास्त का तळाशी, तांबड्या मातीची जाडी एकसारखी का मधेच संपणारी. सिंहगडाच्या रस्त्यावर हे सगळं असणारच. पण तिथे सर म्हणाले ‘बेसॉल्ट’ आणि आम्ही पुढच्या वळणावर गेलो होतो.

क्विरांगला मात्र घरची आठवण वेगळ्या कारणाने आली. बेटाच्या उत्तरेला लाव्ह्याचा जड गठ्ठा मऊ ज्युरासिक शेलवर बसलेला आहे. खालचा खडक वजन पेलत नाही, वरचा भाग सुटून समुद्राकडे सरकतो. सुळके, घळी, मधेच हिरव्या गालिच्याचं पटांगण, सगळं त्या घसरणीतून झालेलं. ती अजून थांबलेली नाही. फ्लोडिगॅरीजवळचा रस्ता वारंवार डागडुजीला येतो. डांबरावर भेगा होत्या, त्यांवर नव्या डांबराची ठिगळं, ठिगळांवरही भेगा. आम्ही टेप लावून एकेक मोजली.

संध्याकाळी बाईंनी विचारलं, तुमच्याकडे दरडी कोसळतात का? मी माळीणबद्दल सांगितलं. 30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं ते गाव चिखलाखाली गेलं, दीडशेच्या आसपास माणसं गेली. मी निघायच्या जेमतेम दीड महिना आधीची गोष्ट. तिथे क्विरांगसारखं नाही, वरची झिजलेली माती मुसळधार पावसाने सुटली. त्या आठवड्यात कुणी पावसाला दोष दिला, कुणी पडकईसाठी, म्हणजे उतारावर भातखाचरं पाडण्यासाठी, यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाला. घरी आमच्या जेवणाच्या टेबलावरही रोज वाद व्हायचा आणि उतार कुणीच पाहिलेला नव्हता. बाईंनी विचारलं, भेगांची नोंद आधी कुणी केली होती का? मला उत्तर देता आलं नाही.

शेवटी बोररेग. तिथे गाडी जात नाही, काही तास चालावं लागतं. भोवती तपकिरी माळ आणि मधेच समुद्राकाठी हिरवागार तुकडा, कारण तिथे खाली चुनखडी आहे. त्या हिरव्यावर दगडी भिंतींचे चौकोन उभे आहेत, छपरं नाहीत. 1853 मध्ये जमीनदाराच्या माणसांनी इथल्या आणि शेजारच्या सुइश्निशच्या कुटुंबांना हुसकून लावलं. मेंढ्यांसाठी कुरण हवं होतं. मला वाटलं, आज इतिहास ऐकायला मिळणार. बाई म्हणाल्या, वही काढा.

तेव्हा भिंतींचीही डावी पानं झाली. भिंती कोरड्या रचलेल्या, कोपरे गोलसर, दार समुद्राकडे नाही. शेतात बटाट्यांसाठी ओढलेले उंच सरी-वरंबे अजून सावलीत स्पष्ट दिसतात. मी पावलांनी अंतर मोजलं. ते उताराच्या रेषेत होते, आडवे नाहीत, म्हणजे इथे पाणी अडवायचं नव्हतं, घालवायचं होतं. कोकणातल्या आजोळी भातखाचरं अगदी उलट रचलेली. चिलीवाल्याने एका घरात चुलीच्या जागेचे काळे पडलेले दगड शोधले आणि त्याचं चित्र इतकं सुंदर काढलं की सगळे बघायला जमलो.

शेवटच्या रात्री होस्टेलवर सगळ्यांच्या वह्या तपासायला गेल्या. माझं बोररेगचं पान मला स्वतःला फार आवडलं होतं. सकाळी वही परत आली. शेरा पेन्सिलीतच: ‘उत्तर दिशा कुठे? आणि मापपट्टी?’ चिलीवाल्याच्या चुलीलाही तोच शेरा होता.