सामरवरणीच्या माळावर सात नंबर

बडोद्याहून मुंबईस जाणाऱ्या आपल्या मंडळींना वापी हे स्थानक बहुधा गाडीच्या खिडकीतूनच ठाऊक असते. तेथे उतरून सिल्वासाची वाट धरली, की पंधरा-वीस किलोमीटरांच्या टापूत आपण किती सीमा ओलांडल्या ह्याचा हिशेब नवख्या प्रवाशाला लागत नाही. आधी गुजरात, मग दादरा, पुन्हा गुजरातची एक पट्टी आणि त्यानंतर नगर हवेली. डुलकी लागलेल्या माणसाला काहीच जाणवू नये अशी ही पट्टी; परंतु तिच्यावरून पोर्तुगालने भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले होते. आपले सैन्य दमणहून ह्या वाटेने नेण्याचा हक्क पोर्तुगालला हवा होता. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला, आणि सैन्य व शस्त्रे नेण्याचा असा कोणताही हक्क नाही, असे न्यायालयाने सांगितले.

मराठी माणसाने ह्या भूमीकडे परकेपणाने पाहू नये. पेशव्यांनी १७७९ च्या तहान्वये येथील गावांचा वसूल पोर्तुगीजांस देऊ केला आणि १७८३ साली नगर हवेली त्यांच्या ताब्यात गेली. पावणेदोनशे वर्षांनी ती सोडविण्यासाठी जे तरुण निघाले, त्यांत पुण्या-मुंबईची मराठी मुलेच पुष्कळ होती. सुधीर फडके ह्यांच्यासारखे संगीतकारही त्यांत होते. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. १९६१ साली हा प्रदेश रीतसर भारतात आला आणि २६ जानेवारी २०२० पासून तो दमण-दीवशी जोडला गेला आहे. पेशव्यांनी दिलेले, पुण्याच्या पोरांनी परत आणले, असे आमचे भावोजी म्हणतात. इतिहास इतका सोपा नसतो. पण जावयाच्या बोलण्यात सासरच्यांनी दुरुस्ती करू नये, हा आमच्या घरचा नियम आहे.

हे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सामरवरणीला राहतात. सामरवरणी सिल्वासाला लागून, खानवेलच्या रस्त्याच्या बाजूला आहे. २०११ च्या जनगणनेत तिची गणना शहरांत झाली. तरी तिचे खेडेपण अद्याप पुरते गेलेले नाही. कारखान्याच्या भिंतीला भिंत, त्या भिंतीमागे भाताचे खाचर, खाचराच्या बांधावर ताड आणि ताडाखाली शेकोटी, अशी येथील मांडणी. करांच्या सवलतीमुळे येथे सुताचे व प्लास्टिकचे कारखाने आले आणि त्यांच्याबरोबर बिहार-उत्तर प्रदेशापासूनची माणसेही आली. मूळ वस्ती वारली, धोडिया आणि कोकणा ह्यांची. सकाळी पाळी बदलते तेव्हा सायकलवरून डबा घेऊन जाणारा कामगार आणि कमरेच्या आकडीत कोयता अडकवून निघालेला वारली शेतकरी एकाच रस्त्याने जाताना दिसतात. कित्येकदा हे दोघे एकाच घरचे भाऊ असतात.

अशा गावी मी गेल्या पौषात आठ दिवस राहिलो, आणि त्यांतल्या तीन सकाळी गोल्फच्या काठ्या पारखण्यात गेल्या. वाचकांना हे जरा विचित्र वाटेल, म्हणून थोडा खुलासा करणे प्राप्त आहे.

लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील गोल्फचे मैदान आपणां बडोदेकरांस निदान कुंपणाबाहेरून तरी परिचित आहे. १९३० नंतरच्या दशकात प्रतापसिंह महाराजांनी ते युरोपीय पाहुण्यांसाठी करविले आणि १९९० नंतर समरजितसिंहांनी त्याची डागडुजी करून ते इतरांसही खुले केले. भावोजींना ह्या खेळाची गोडी तेथेच लागली. सासुरवाडीस यावयाचे आणि पहाटे उठून मैदानावर जावयाचे, हा त्यांचा वीस वर्षांचा परिपाठ. त्यांच्याजवळचा लोखंडी काठ्यांचा, म्हणजे आयर्नचा, संच त्यांच्या पूर्वीच्या वरिष्ठांनी निवृत्तीच्या वेळी दिलेला. वरिष्ठ सहा फूट उंच व दणकट. भावोजी साडेपाच फुटांचे. काठ्या मात्र त्याच.

आता भावोजी सहासष्टीत आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी खेळ बंद करा असे सांगितले नाही. जड हत्यार बंद करा, एवढेच सांगितले. ताईने ह्यातील पहिला भाग ऐकलाच नाही. तिच्या मते खेळ थांबवावा आणि नव्या संचाला जे पैसे जातील त्यांत स्वयंपाकघराचा ओटा नव्याने बांधून घ्यावा. दोन्हींचा खर्च जवळजवळ सारखाच निघाला, हे दुर्दैव. प्रश्न पैशांपुरता नव्हता. ज्या माणसाचे चाळीस वर्षांचे आयुष्य पाळ्यांच्या भोंग्यावर गेले, त्याला स्वतःच्या मर्जीची म्हणून एवढी एकच सकाळ उरली होती. ती राहते की जाते, हे ह्या काठ्यांवर ठरणार होते.

मुंबईच्या एका दुकानात ते आधी जाऊन आले होते. तेथे जाळीसमोर हिरव्या चटईवर चेंडू मारावयाचा आणि तो किती दूर गेला असता ते पडद्यावर वाचावयाचे. विक्रेत्याने सांगितले, "काका, नवा सात नंबर तुमच्या जुन्यापेक्षा वीस यार्ड पुढे जातो." आकडा खरा होता. मात्र त्या आकड्याची मेख तो बोलला नाही. जुन्या सात नंबरच्या तोंडाचा कल, ज्याला लॉफ्ट म्हणतात, तो पस्तीस-छत्तीस अंशांचा असे. आजच्या पुष्कळ संचांत तो तीस अंशांच्या आसपास आणून ठेवलेला असतो. दोन लागोपाठच्या काठ्यांत साधारण चार अंशांचे अंतर धरतात. म्हणजे नव्या काठीवर सात हा आकडा कोरलेला असला तरी ती जुन्या हिशेबाने सहाच्याही पुढची आहे. चेंडू दूर जाईल नाही तर काय होईल! पुन्हा संचातली शेवटची, पिचिंग वेज नावाची काठी जुन्या अठ्ठेचाळीस अंशांवरून चव्वेचाळीसवर आली, की तिच्यात आणि छप्पन अंशांच्या वाळूच्या वेजमध्ये मोठी खिंड पडते. ती बुजवायला आणखी एक काठी विकत घ्यावी लागते. कापडाच्या दुकानात गजाची लांबी कमी करावी, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की येथे गिऱ्हाईक खूष होऊन घरी जाते.

चटईचीही एक लबाडी आहे. काठी चेंडूच्या आधी जमिनीला लागली तर खऱ्या मातीत ती रुतते आणि चेंडू पुढ्यातच पडतो. चटईवर ती घसरत पुढे जाते आणि चूक झाकून टाकते. म्हणून भावोजींनी ठरविले, की पारख मातीवरच करावयाची. एक नमुन्याचा सात नंबर त्यांनी दुकानातून अनामत ठेवून आणला. त्याचा दांडा, म्हणजे शाफ्ट, ग्राफाइटचा. दुसरा एका स्नेह्याकडून उसना. डोके नव्या धर्तीचे, शाफ्ट पोलादी. तिसरा स्वतःचा जुना.

सामरवरणीत त्यांच्या घरामागे कापलेल्या खाचरांपलीकडे वरकस जमिनीचा एक तुकडा आहे. पावसाळ्यात तेथे नागली होते. पौषात नुसते वाळके गवत. जमीन एका वारली गृहस्थांची. त्यांची परवानगी घेतली, रस्ता आणि घरे पाठीशी येतील अशी दिशा धरली आणि जमलेल्या पोरांना मागे एका उंबराखाली बसविले. चेंडू शोधून आणण्याचा मक्ता त्यांच्याकडे. प्रत्येक फेरीनंतर गोळ्या वाटण्याचे काम ताईने आपण होऊन पत्करले, ह्यावरून तिचा विरोध किती कडवा होता ते कळावे.

पहिली सकाळ जुन्या काठीची. दहा चेंडूंपैकी सहा बरे गेले, सुमारे एकशेपंधरा पावलांवर. उरलेले चार गवतात रांगत गेले. सातव्या चेंडूनंतर भावोजींचा हात खांद्याकडे गेला. मी पाहिले आणि ताईनेही पाहिले.

दुसऱ्या सकाळी नवी पोलादी काठी. तिचा एक चेंडू एकशेचाळीस पावले गेला आणि पोरांनी आरोळी ठोकली. परंतु दहाही चेंडू जेथे पडले तेथे खुणेला खडे ठेवले, तेव्हा ते अख्ख्या खाचरभर पसरलेले दिसले. लांब जाणे आणि हवे तेथे जाणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि हिरवळीवरच्या खळग्याकडे चेंडू धाडताना दुसरीच उपयोगी पडते. काठीच्या तोंडावर भावोजींनी पावडर फासली होती. चेंडू आदळला की पावडरीत वाटोळा ठसा उमटतो. ठसे तोंडभर विखुरलेले होते; एकाही जागी गर्दी नव्हती. हत्यार हाताच्या ताब्यात नाही, ह्याचा हा लेखी पुरावा.

त्याच सकाळी जमिनीचे मालक बांधावर येऊन उभे राहिले. बराच वेळ त्यांनी काही विचारले नाही. मग जुनी काठी मागून घेतली, आडवी करून एका बोटावर तोलली आणि बोट सरकवत सरकवत समतोलाची जागा शोधली. नंतर कमरेचा कोयता काढून तोही तसाच तोलून दाखविला. म्हणाले, "टोकाला जड आहे. मनगट धरेल. दिवसभर चालायचं नाही." गोल्फच्या व्यवसायात ह्याच मोजमापाला स्विंगवेट म्हणतात आणि त्यासाठी निराळा तराजू असतो. कोयता घेताना ते काय काय पाहतात, हे मी मग खोदून विचारले. मूठ तळव्यात फिरते का, पाते हवेत फिरवताना मनगट कोणीकडे वळते, आणि नखावर टिचकी मारल्यावर नाद कसा येतो. किंमत सर्वांत शेवटी. बाजारात चार कोयते हातात घेऊन पाहिल्यावाचून ते पाचवा घेत नाहीत, आणि न पटल्यास रिकाम्या हातांनी परततात.

तिसरी सकाळ ग्राफाइटची. पोलादी शाफ्टचे वजन सव्वाशे ग्रॅमच्या घरात असते. हा त्याच्या निम्म्याने. पहिले दोन चेंडू वाकडे गेले, कारण हात जुन्या वजनाच्या सवयीने घाई करीत होता. पुढचे आठ सव्वाशे पावलांच्या आसपास, एका सतरंजीवर मावतील इतके जवळ पडले. भावोजींनी आणखी दहा मारले, मग आणखी दहा. हात खांद्याकडे गेला नाही.

एक कसर राहिली होती. चेंडू सगळे मिळून थोडे डावीकडे झुकत होते. काठीच्या तळाला चिकटपट्टी लावून मारून पाहिले, तेव्हा पट्टीवरचा घासल्याचा डाग टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला, निघाला. ह्याचा अर्थ काठी ह्या माणसासाठी फार उभी आहे. टाच आधी जमिनीला लागते, तोंड डावीकडे वळते आणि चेंडू त्यामागे जातो. डोके दांड्याशी जो कोन करते त्याला लाय म्हणतात आणि कारागीर तो एकदोन अंशांनी वाकवून देऊ शकतो. इतकी वर्षे सहा फुटी माणसाच्या काठ्यांनी खेळताना हाच दोष ते कंबर वाकवून भरून काढीत होते. ताई म्हणाली, "म्हणजे कंबरदुखीसुद्धा त्यातलीच?" भावोजींनी उत्तर दिले नाही.

शेवटी मागणी गेली ती अशी. ग्राफाइट शाफ्ट, लाय दोन अंशांनी आडवी. चार आणि पाच नंबर नकोत, कारण त्या वयात लांबच्या आयर्नने चेंडू उचलत नाही. सहापासून पिचिंग वेजपर्यंत पाचच काठ्या, आणि मधली खिंड बुजवायला एक निराळी वेज. पिशवीत चौदा काठ्यांपर्यंत मुभा आहे, ही मर्यादा अमेरिकेत १९३८ पासून चालत आली आहे. पण मुभा आहे म्हणून चौदा बाळगल्याच पाहिजेत असे नाही. दुकानदाराने पूर्ण संचावर सवलत देऊ केली. ती भावोजींनी घेतली नाही. वाचलेल्या पैशांत ओटा होणार नाही, परंतु ओट्यावरची फरशी होईल, असे ताईच्या हिशेबात बसले.

जुन्या संचाचे काय करावे, हा विषय निघाला तेव्हा वारली गृहस्थांनी त्यातली तीन नंबरची काठी मागितली. एवढे चांगले लोखंड, त्याचा कोयता निघेल असे त्यांस वाटले. दोन दिवसांनी ते लोहाराकडे जाऊन आले. लोहाराने कानस फिरवून पाहिली आणि काठी परत दिली. हे घडीव लोखंड मऊ असते; त्याच मऊपणामुळे चेंडू लागताना हाताला गोड वाटते, असे जुने खेळाडू सांगतात. कोयत्याला ट्रकच्या कमानीचा पाटा लागतो, त्याला पाणी चढते आणि धार टिकते. ह्याला धार राहायची नाही, असा लोहाराचा निरोप आला. मी निघालो तेव्हा ती तीन नंबरची काठी त्यांच्या अंगणात कोंबड्यांच्या खुराड्याला अडसर म्हणून लावलेली होती.