खांद्याचा वाटा

शिकारीच्या गोष्टींत जनावराचे वर्णन बारकाईने येते, रानाचेही येते. शिकाऱ्याच्या खांद्याचे मात्र क्वचितच. वास्तविक गोळी ज्या संवेगाने पुढे जाते त्याच संवेगाने बंदूक मागे येते. न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेल्या नियमाचाच हा परिणाम. आपल्या शालेय पुस्तकांत त्याला 'प्रतिक्षेप' म्हणतात. १० ग्रॅमची गोळी सेकंदाला ८०० मीटर वेगाने सुटली, तर ४ किलोची रायफल सेकंदाला २ मीटर वेगाने खांद्यावर येते. जळलेल्या दारूच्या वायूची भर वेगळीच.

हा धक्का नाहीसा करता येत नाही. तो वाटून देता येतो. रायफल जड असली की तिचा मागे येण्याचा वेग उतरतो. दस्त्याला रबराची गादी लावली की तोच धक्का थोड्या अधिक वेळात, अधिक जागेवर पसरतो. नळीच्या तोंडाशी बाजूंना भोके असलेला ब्रेक बसवला की वायू आडवा निघून जातो. मात्र आवाज शेजाऱ्याच्या कानांवर अधिक आदळतो.

माझे थोरले मामा कर्जत तालुक्यातले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापूर्वी ते काळविटाच्या शिकारीला जात. जाताना खांद्यावर पंचाची घडी ठेवीत आणि दस्ता तिच्यावर घट्ट दाबून धरीत. "ढिली धरली की बंदूक मारते," असे ते म्हणत. या काळजीमागे नाजूकपणा नव्हता. धक्क्याची धास्ती बसलेला माणूस चाप ओढण्याआधीच अंग चोरतो, डोळे मिटतो. नेम ढळतो आणि जखमी जनावर रानात तडफडत राहते. अशा एका काळविटाचा माग त्यांनी दिवस मावळेपर्यंत काढला होता. ते सापडले नाही. पंचा त्यानंतरचा.

धक्का खांद्यापासून पुरता दूर नेण्याची विद्याही याच जिल्ह्यात पाहायला मिळते. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयातील तोफांपुढे उभे राहिले की ती ध्यानात येते. तोफेची नळी आपल्या पाळण्यात मागे सरकते, तेलाचा दाब तिला आवरतो, आणि ती पुन्हा जागेवर येते. तिथे कुणाच्याही खांद्याला काही कळत नाही.

धक्का कमी करावा हे मला पटते. जनावराप्रती तेवढे कर्तव्य शिकाऱ्याकडे राहतेच. तो शून्य व्हावा हे मात्र पटत नाही. केलेल्या कृत्यातला जो अंश करणाऱ्याच्या अंगाला येऊन भिडतो, तो तेवढाच असतो.

१९८० मध्ये रेहेकुरीला काळविटांसाठी अभयारण्य झाले. मामांची रायफल त्याआधीच जमा झाली होती. पावसाळी हवेत खांदा दुखतो, अशी तक्रार ते पुढेही करीत. त्यावर औषध मात्र त्यांनी कधी घेतले नाही.