नीट गाडी चालवणाऱ्याला सवलत कधी?

वाहनविम्याच्या पॉलिसीचा कागद मी दरवर्षी ओळ न् ओळ वाचतो आणि दरवर्षी एकाच जागी अडतो. कागदावर मुख्य भाग दोन. पहिला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ‘ओन डॅमेज’चा. त्याचे दर २००७ पासून कंपन्या स्वतः ठरवतात. वर्षभर दावा केला नाही, तर तिथे २० टक्के ‘नो क्लेम बोनस’ मिळतो आणि तो वाढत वाढत ५० टक्क्यांवर जातो. दुसरा भाग थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांच्या होणाऱ्या हानीचा. तो कायद्याने सक्तीचा आहे, त्याचा दर सरकार ठरवतं आणि त्यात वर्षानुवर्षं अपघात न करणाऱ्याला एका रुपयाचीही सूट नाही. जुन्या टेम्पोचा मालक बहुधा नुसतं थर्ड पार्टीच काढतो, म्हणजे बोनस त्याच्या वाट्याला येतच नाही. थर्ड पार्टीचे दर २०११ पासून वारंवार वाढले, कोरोनाच्या काळात थांबले आणि १ जून २०२२ ला पुन्हा वाढले. त्या वाढीपेक्षा मला अधिक खुपते ती आकारणीची रीत.

२०२२ च्या दरपत्रकात चारचाकी मालवाहू गाड्यांचा पहिला गट मालासह एकूण ७,५०० किलो वजनापर्यंतचा आहे आणि त्याचा प्रीमियम १६,०४९ रुपये. मंडईत भाजी पोचवणारा ‘छोटा हत्ती’ मालासकट दोन टनांच्या आत असतो, पण त्याचा मालकही तेवढेच भरतो आणि साडेसात टनी ट्रकचा मालकही तेवढेच. हजार ते दीड हजार सीसीच्या खासगी मोटारीला मात्र ३,४१६ रुपये पडतात. धंद्याची गाडी दिवसभर रस्त्यावर असते, तिला जास्त पडावेत हे मला मान्य आहे. पण दोन टन आणि साडेसात टन यांची धडक सारखी नसते. मग दर सारखा का?

यावर विमा कंपन्यांचं म्हणणं असं, की भरपाईचा बोजा मोठा आहे. ते खरंच आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रात. मृत्यूच्या भरपाईला कायद्यात कमाल मर्यादा नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या प्रणय सेठी निकालात, स्वतःचा धंदा करणारा चाळिशीच्या आतला माणूस गेला तर भरपाईसाठी त्याच्या उत्पन्नात ४० टक्के भर घालायला सांगितलं. हा न्यायच आहे. मृताच्या घरच्यांची भरपाई कापून प्रीमियम स्वस्त करा, असं कुणी सुचवलं तर मी त्याला विरोधच करीन. पैसा गोळा करावाच लागेल. वाद एवढाच, की तो कुणाकडून किती घ्यायचा.

दुसरा आक्षेप असा, की कोण कसं चालवतो हे मोजणार कसं? दाव्यांची नोंद कंपन्यांकडे आहे आणि चलनांची सरकारकडे. पार्किंगचा दंड यात धरू नये. पण दारू पिऊन किंवा बेफाम वेगात गाडी चालवणं आणि घडलेला अपघात नक्कीच धरावा. विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये ‘जेवढं चालवाल तेवढं भरा’ आणि ‘जसं चालवाल तसं भरा’ या योजनांना परवानगी दिली, तीही फक्त ओन डॅमेजपुरती. चालक पगारी असतो, मालकाने काय करावं, असंही विचारलं जातं. चालक निवडणारा, त्याला झोप मिळू देणारा किंवा रात्रभर पिटाळणारा मालकच असतो. सुरक्षित गाडीचा प्रीमियम उतरला, तर चालकाच्या विश्रांतीचीही त्याला किंमत कळेल.

सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू गाड्यांच्या थर्ड पार्टीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. १६,०४९ रुपयांवर त्याने सुमारे ११०० रुपये वाचतात. दिलासा चांगला आहे, पण तो निष्काळजी मालकालाही तेवढाच मिळतो. म्हणून माझी मागणी दोनच गोष्टींची आहे: ७,५०० किलोचा गट फोडून हलक्या गाड्यांचा वेगळा दर करा आणि अपघात न करणाऱ्याला थर्ड पार्टीतही बोनस द्या. दर बदलण्याआधी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय मसुदा काढून हरकती मागवतं. पुढचा मसुदा येईल तेव्हा प्रत्येक टेम्पोमालकाने आणि वाहतूकदार संघटनेने आपल्या बिनअपघाती वर्षांचा हिशेब जोडून लेखी हरकत नोंदवावी.