सांभाळणाऱ्याचे पैसे

शनिवार, ५ एप्रिल २०२५, सांगली

काकांचं कपाट आज पूर्ण रिकामं केलं. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेत पंधरा लाख, बँकेत मुदत ठेवी, आणि म्युच्युअल फंडाच्या नऊ योजनांत मिळून अडतीस लाखांच्या आसपास. यातलं मावशीला फक्त पोस्टाचं पासबुक माहीत. किराणा-दुधाचा हिशेब आयुष्यभर वहीत लिहिणारी ही बाई, आणि घरात किती पैसा आहे हे तिला नवरा गेल्यावर भाचीकडून कळतं. याचा मला फार राग आला. काकांवर नाही. घराघरांत हे असंच चालतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही, यावर.

फंडांचं सगळं एका एजंटाने केलेलं. माणूस चांगला आहे. काकांचं दिवसकार्य उरकल्यावर स्वतः घरी आला. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती, केवायसी, युनिट मावशीच्या नावावर करण्याचे अर्ज, बँकेचे शिक्के, सगळी पळापळ त्याने केली. मावशीने रात्री विचारलं, "त्यांना ठेवायचं का गं, की आता तूच बघशील?"

मी कॉमर्सच्या मुलांना शिकवते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला. पण पुस्तकातलं उत्तर देऊन भागणार नाही. काकांनी एजंट धरला तो युनिट ६४ मुळे. १९६४ साली निघालेली ती योजना लोकांनी बँकेइतकी खात्रीची मानली होती. जुलै २००१ मध्ये युनिट ट्रस्टने युनिटांची परत खरेदी सहा महिन्यांसाठी थांबवली आणि काकांसारखे लाखो लोक हबकले. "आपल्याला यातलं कळत नाही, कळणाऱ्याला धरू" हे त्यांचं वाक्य तेव्हाचं. पण युनिट ६४ चा पैसाही कळणारीच माणसं गुंतवत होती, हे त्यांना कधी कुणी सांगितलं नाही.

रविवार, ६ एप्रिल

रामनवमी. घरात या वर्षी काही करायचं नाही, सुंठवडा शेजारून आला.

दुपारी काकांच्या ईमेलमध्ये ऑक्टोबरचं सहामाही एकत्रित विवरणपत्र सापडलं. सेबीच्या नियमामुळे त्यात एजंटाला किती कमिशन गेलं ते रुपयांत छापलेलं असतं. नऊ योजनांची बेरीज केली, तर सहा महिन्यांत पंधरा हजारांच्या वर. म्हणजे वर्षाला तीस हजार.

मावशी म्हणाली, "पण आम्ही तर त्यांना कधी एक रुपयासुद्धा दिला नाही!"

नेमकं हेच कुणाला दिसत नाही. ऑगस्ट २००९ पर्यंत फंड घेतानाच सव्वादोन टक्क्यांपर्यंत कापले जात, ते निदान डोळ्यांना दिसायचं. सेबीने ते बंद केलं. आता एजंटाचा वाटा योजनेच्या खर्चातून जातो आणि तो खर्च रोज थोडा थोडा करून युनिटच्या भावातूनच वळता होतो. बिल नाही, पावती नाही, चेकवर सही नाही. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेचा 'डायरेक्ट' प्रकारही मिळतो, ज्यात एजंट नाही आणि म्हणून खर्च कमी. काकांच्या नऊच्या नऊ योजना 'रेग्युलर'. दोन्हींत फंड व्यवस्थापक तोच, शेअरही तेच. मावशीच्या योजनांत दोन्हींच्या खर्चात साधारण पाऊण ते एक टक्क्याचा फरक निघतो.

एक टक्का ऐकायला काहीच वाटत नाही. मावशीसमोर कागदावर मांडून दाखवलं. दहा लाख रुपये पंधरा वर्षं ११ टक्क्यांनी वाढले तर ४७.८५ लाख होतात, १० टक्क्यांनी वाढले तर ४१.७७ लाख. सहा लाखांचं अंतर. बाजार ११ टक्के देईलच असं नाही, पण कापला जाणारा टक्का मात्र ठरलेला.

सोमवार, ७ एप्रिल

अमेरिकेने लादलेल्या आयातशुल्काच्या धास्तीने बाजार उघडताच कोसळला. दिवसअखेर सेन्सेक्स २,२२७ अंकांनी खाली, ७३,१३८ वर. टीव्हीवर लाल पट्ट्या आणि मावशीचा चेहरा उतरलेला. "काढून घेऊ या का गं सगळं?"

मी उत्तर द्यायच्या आत एजंटाचा फोन आला. "काकू, आज टीव्ही बघू नका. तुमच्या खर्चाचे दोन वर्षांचे पैसे पोस्टात आणि ठेवीत आहेत. फंडाला हात लावायचा नाही." मार्च २०२० मध्ये करोनाच्या पडझडीतही त्याने काकांना असंच थांबवलं होतं, हे मावशीने मग सांगितलं. तेव्हा २३ मार्चला सेन्सेक्स २६ हजारांच्या खाली गेला होता. त्या आठवड्यात घाबरून विकलेल्यांचं पुढे काय झालं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

कालचे सहा लाख आणि आजचा हा फोन, दोन्ही खरे आहेत. 'एजंट म्हणजे फुकटची दलाली' असं जे सरसकट म्हटलं जातं, ते मला पटत नाही. भीतीच्या दिवशी हात धरून थांबवणारा माणूस पैसे घेत असेल तर त्याने ते कमावलेले आहेत. प्रश्न एवढाच, की किती आणि कोणत्या वाटेने.

बुधवार, ९ एप्रिल

आज रिझर्व्ह बँकेने रेपो दर सहा टक्क्यांवर आणला आणि दुपारीच मावशीच्या बँकेतून रिलेशनशिप मॅनेजरचा फोन. "मॅडम, एफडीचे दर आता उतरणार, पैसे पीएमएसमध्ये टाका. खास तुमच्यासाठी." पीएमएसला, म्हणजे पोर्टफोलिओ मॅनेजमेंट सर्व्हिसला, किमान पन्नास लाख लागतात. म्हणजे ठेवी मोडायच्या, फंड विकायचे आणि अडुसष्टाव्या वर्षी सगळी पुंजी मूठभर शेअरांत घालायची. फी वर्षाला अडीच टक्के, म्हणजे सव्वा लाख रुपये, नफा होवो न होवो. याच शाखेने मागे काकांना एक ठेव मोडायला लावून पाच वर्षं अडकणारी युलिप गळ्यात घातली होती. फोन मीच घेतला आणि पुन्हा करू नका म्हणून सांगितलं.

शनिवार, १२ एप्रिल, पुणे

मावशीला घेऊन एका गुंतवणूक सल्लागार बाईंकडे गेले. सेबीकडे नोंदणी असलेल्या, फक्त फी घेणाऱ्या, काहीही न विकणाऱ्या. असे सल्लागार २०१३ च्या नियमांपासून आहेत, पण एवढ्या मोठ्या देशात जेमतेम हजाराच्या आसपास. फंड विकणारे एजंट लाखाहून अधिक. गावोगावी एजंट भेटतो आणि सल्लागार भेटत नाही, याचं कारण आपणच आहोत. न दिसणारे तीस हजार आपण वर्षानुवर्षं देतो आणि समोर मागितलेले दहा हजार आपल्याला जड वाटतात.

फी पहिल्या वर्षी चोवीस हजार, पुढे दरवर्षी बारा. मावशीला मी आधीच सांगून ठेवलं होतं, आकडा ऐकून दचकायचं नाही.

बाईंनी शेअरबाजाराचं नाव शेवटी काढलं. आधी खर्च विचारला, आजारपणाचा विमा, नॉमिनी, मृत्युपत्र. मग म्हणाल्या, ज्येष्ठ नागरिक योजनेची मर्यादा तीस लाखांची आहे, तुमचे पंधराच आहेत. मुदतीला येणाऱ्या ठेवी आधी तिकडे न्या. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० रुपये हातात येतील. यात कुणाही एजंटाला कमिशन मिळत नाही. तीस हजार घेणाऱ्या एजंटाने हे सांगितलं नव्हतं, आणि बँकेने तर सांगण्याचा प्रश्नच नव्हता. सल्ल्याचे पैसे वसूल झाले असतील तर ते या एका वाक्यात.

मग फंड. नऊपैकी पाच योजना मोठ्या कंपन्यांच्या, आणि पाचांत फिरून तेच बँकांचे आणि त्याच दोन-चार बड्या कंपन्यांचे शेअर. सेबीच्या नियमाने लार्ज कॅप योजनेला ८० टक्के पैसा पहिल्या शंभर कंपन्यांतच ठेवावा लागतो. तिथे निर्देशांकाच्या पुढे जाणार तरी किती? लांबच्या मुदतीत अशा योजनांतल्या बहुतेक निर्देशांकाच्या मागेच राहतात. निफ्टीचा साधा इंडेक्स फंड पाव टक्क्याच्या आतल्या खर्चात मिळतो. बाईंचं मत, नऊच्या जागी तीन योजना पुरेत.

पण रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणं म्हणजे कायद्याने विक्रीच. नफ्यावर कर लागतो. सव्वा लाखापर्यंत माफ, वर साडेबारा टक्के. काकांच्या जुन्या युनिटांत नफा मोठा आहे, म्हणून एकदम हलवायचं नाही. दरवर्षी सव्वा लाखाच्या आत नफा बसेल एवढेच विकायचे.

मंगळवार, १५ एप्रिल

सेन्सेक्स ७६,७०० च्या वर. आयातशुल्काच्या घोषणेआधी जिथे होता तिथे परत आला. ७ तारखेला विकलं असतं तर मावशीने नुकसानही सोसलं असतं आणि वर करही भरला असता.

रविवार, २० एप्रिल, सांगली

मावशीने एजंटाला घरी बोलावून स्वतःच सांगितलं. मी चहा करायच्या निमित्ताने आत थांबले. तो थोडा खट्टू झाला, मग म्हणाला, "काकू, कमिशन मिळतं हे मी लपवलं नव्हतं, साहेबांनी कधी विचारलंच नाही." हे खरं आहे. "तुमच्याकडूनच फी घेतली असती," असंही म्हणाला. पण एकाच ग्राहकाला सल्ल्याची फी लावायची आणि त्यालाच फंड विकून कमिशनही घ्यायचं, हे सेबी चालू देत नाही, आणि ते योग्यच आहे. युनिट हळूहळूच हलणार असल्याने त्याचं कमिशन काही वर्षं चालू राहील, कमी कमी होत जाईल. काका गेल्यावर त्याने केलेल्या धावपळीची किंमत म्हणून मावशीला ते मान्य आहे. मलाही.

माझं मत आता पक्कं आहे. बाजाराला हरवून दाखवतो म्हणणाऱ्याला टक्केवारी देऊ नये. कागद मार्गी लावणारा, घाबरल्या दिवशी थांबवणारा आणि ज्यात स्वतःला काही मिळत नाही तेही सांगणारा माणूस मिळाला, तर त्याला आधी ठरवून, रुपयांत, चेकने पैसे द्यावेत. ज्यांची गुंतवणूक पोस्ट, पीएफ आणि एखाद्या इंडेक्स फंडापुरती आहे, त्यांना तेवढीही गरज नाही.

मार्चअखेरचं सहामाही विवरणपत्र या दिवसांत घरोघरी येईल. त्यातला कमिशनचा रकाना नवरा-बायकोने शेजारी बसून वाचावा, आणि एवढ्या पैशांत आपल्यासाठी काय काम झालं, हे एजंटाला स्पष्ट विचारावं.